जखम भरली, चक्कर राहिली

कल्याण-निर्मल महामार्गावर रात्री मोटारसायकल घसरते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेला माणूस अर्धवट झोपेत उठून कडेला जातो. ऊस भरताना ट्रकला लावलेल्या फळीवरून कोणी मोळीसकट खाली येतं, माळवदाची शिडी सरकते, धुऊन घेताना बैल मान झटकतो. परभणी जिल्ह्यात डोक्यामानेला मार बसण्याच्या या नेहमीच्या वाटा. मग टाके पडतात, सीटी स्कॅन निघतो, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात, सूज ओसरते, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबते. आणि त्यानंतर तो माणूस सांगायला लागतो, की पहाटे कुशीवर वळलं की घर फिरतं, वर पाहिलं की झोक जातो.

यावर घरात दोन उत्तरं तयार असतात. पित्त झालं असेल, नाहीतर अशक्तपणा असेल. पित्ताला गोळी, अशक्तपणाला सलाईन. तेवढ्यानं भागलं नाही तर चक्करेची म्हणून एक गोळी सुरू होते आणि ती महिनोन्‌महिने चालूच राहते. माणूस गाडी चालवायचं सोडतो, विहिरीकडे जायचं सोडतो, हळूहळू बाजेवरच बसून राहतो.

मार लागल्यानंतरच्या चक्करेची कारणं पाच-सहा तरी आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. त्यातलं एक फार नेहमी आढळणारं कारण तर सलाईनशिवाय, गोळीशिवाय, दवाखान्यात दहा मिनिटांत डोकं ठरावीक रीतीनं फिरवून बरं करता येतं. कोणतं कारण आहे हे पुष्कळदा स्कॅनवरून कळत नाही. ते कळतं रुग्णाच्या सांगण्यावरून. म्हणून चक्कर नेमकी कशी सांगायची आणि ती असतानाही अंग हलतं कसं ठेवायचं, याबद्दल इथं लिहितो आहे. पण त्याआधी तातडीचं.

थांबायचं नाही अशा खुणा

मार लागल्यावर माणूस थोडा वेळ जरी बेशुद्ध झाला असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, झटका आला असेल, डोकेदुखी तासागणिक वाढत असेल, हाक मारली तरी गुंगीतच असेल, बोबडं बोलत असेल, एका बाजूचा हातपाय ढिला पडला असेल, एकाचे दोन दिसत असतील, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. मानेत जोरात दुखत असेल तर त्याला उचलून बसवू नका. मान आणि धड एका रेषेत ठेवून, चार जणांनी मिळून हलवा.

कानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ स्राव येत असेल, कानामागे काळंनिळं पडलं असेल, एका कानानं ऐकू येणं बंद झालं असेल किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं असेल, तर कानाच्या हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. आपल्याकडे कान दुखला की लसूण घालून कोमट केलेलं तेल ओतायची सवय आहे. अशा कानात तेल, थेंब, बोळा, काहीही घालायचं नाही. नाकही जोरानं शिंकरायचं नाही. वरून स्वच्छ कापड सैल ठेवून सरळ रुग्णालय गाठायचं. अचानक गेलेलं ऐकू येणं परत येण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांतच जास्त असते. ‘बघू आठवडाभर’ म्हणण्यात ती निघून जाते.

दुसरा धोका उशिरा येतो, म्हणून तो सुटतो. वय साठीच्या पुढचं, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि मार अगदी किरकोळ: चौकटीला डोकं आपटलं, न्हाणीत घसरले. दोन-तीन आठवडे काही नाही. मग आजोबा विसरायला लागतात, दिवसाही पेंगतात, चालताना एका बाजूला जातात, डोकं दुखतं म्हणतात. घरचे म्हणतात, वय झालं. मेंदूवरच्या पडद्याखाली हळूहळू साठलेलं रक्त असंच वागतं. तेव्हा पहिल्या दिवशीचा स्कॅन नॉर्मल होता याला काही अर्थ उरत नाही, स्कॅन पुन्हा करावा लागतो. हा आजार वेळेत ओळखला तर बहुतेकदा बरा होतो, म्हणून तो ‘वयात’ ढकलून देणं फार महागात पडतं.

डॉक्टरांना काय सांगायचं

ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेवढ्यात ‘चक्कर येते’ एवढंच सांगितलं तर गोळीच मिळेल, आणि त्यात डॉक्टरांचाही फारसा दोष नाही. त्यापेक्षा असं सांगून बघा: ‘उजव्या कुशीवर वळलं की दोन-चार सेकंदांनी घर फिरायला लागतं, अर्ध्या मिनिटात थांबतं, मग स्वस्थ बसलं की काही नाही. ऐकू नीट येतं.’ एवढ्या वाक्यावर जाणकार डॉक्टर निम्मं निदान करतो.

चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या. काय होतं: भोवताल फिरतो, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक असतं पण पाय नीट पडत नाहीत. केव्हा होतं: वळताना, उठताना, चालताना, खोकताना की काहीच न करता. किती वेळ टिकतं: सेकंद, मिनिटं, तास की दिवसभर. आणि सोबत काय असतं: कानात आवाज, कमी ऐकू येणं, डोकेदुखी, मानदुखी, मळमळ, घाम. मार कधी, कसा, कुठल्या बाजूला बसला आणि चक्कर त्यानंतर किती दिवसांनी सुरू झाली, हेही लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

आणखी एक उपाय फुकटातला आहे. चक्कर चालू असताना घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर तुमच्या उघड्या डोळ्यांचा जवळून, चांगल्या उजेडात व्हिडिओ घ्यायला सांगा. काही प्रकारच्या चक्करेत बुबुळं एका दिशेला झटके देत फिरतात. दवाखान्यात जाईपर्यंत ते थांबलेलं असतं. तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कधीकधी महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातो.

रुग्णाच्या बारीक सांगण्याचं मोल किती असतं, याचा दाखला व्हिएन्नातला आहे. रॉबर्ट बारानी नावाचा कानाचा डॉक्टर रुग्णांचे कान पाण्यानं धुवायचा. काहींना तेव्हा चक्कर यायची. एका रुग्णानं तक्रार केली, पाणी गार आहे म्हणून असं होतं. पुढच्या वेळी पाणी जास्तच गरम झालं, तर पुन्हा चक्कर आली, पण डोळे उलट्या दिशेला फिरत होते. त्यावरून बारानीनं आतल्या कानाची तपासणी उभी केली आणि १९१४ चं नोबेल मिळवलं. तेव्हा तो सैन्यातला डॉक्टर म्हणून पकडला जाऊन रशियाच्या कैदेत होता. गार पाण्याची कुरकूर करणारा तो रुग्ण कोण होता, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

कानातले खडे

आपण पडत नाही ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या खबरींमुळे: डोळे, आतला कान, आणि तळपाय-सांधे-मान. मेंदू तिन्हींचा मेळ घालतो. मार लागल्यावर एका ठिकाणची खबर चुकायला लागली की मेळ बसत नाही आणि आपल्याला गरगरतं.

आतल्या कानात पाण्यानं भरलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. गवंड्याच्या लेव्हलमधल्या पाण्यासारखं, त्यांतलं पाणी डोकं कुठं वळलं ते दाखवतं. शेजारच्या कप्प्यात चुन्याच्या जातीचे, डोळ्याला न दिसणारे कण चिकटलेले असतात. डोक्याला हादरा बसला की ते सुटतात आणि एखाद्या नळीत जाऊन पडतात. मग डोकं ठरावीक बाजूला वळलं की कण घरंगळतात, पाणी उगाच हलतं, आणि मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतो आहोत. ही चक्कर झोपताना, कूस बदलताना, वर माळ्याकडे बघताना, खाली वाकताना येते. सुरू व्हायला दोन-चार सेकंद लागतात, सहसा मिनिटाच्या आत थांबते. तेवढ्यात माणूस इतका घाबरतो, की त्याला ती दहा मिनिटांची वाटते. हिच्यात ऐकू येणं कमी होत नाही.

सीटी स्कॅनमध्ये हे कण दिसत नाहीत. डॉक्टर रुग्णाला बसवून, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागं झोपवतात आणि डोळे बघतात. ही तपासणी १९५२ सालापासून वापरात आहे. कोणत्या कानात खडे आहेत हे कळलं की डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून ते मूळ कप्प्यात परत घालवायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांनी ही रीत बसवली. सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी ती हसण्यावारी नेली. १९९२ मध्ये ती छापून आली आणि आज जगभर तोच पहिला उपचार आहे. पुष्कळांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. मार लागून सुटलेले खडे मात्र जरा हट्टी असतात: दोन्ही कानांत असू शकतात, एकापेक्षा जास्त नळ्यांत असू शकतात, पुन्हा सुटूही शकतात. म्हणून एकदा करून फरक पडला नाही तर ‘हे काही खरं नाही’ म्हणून सोडू नका.

मोबाइलवर बघून घरी करावं का? अपघातानंतर पहिल्यांदा तरी नाही. मानेच्या मणक्याला इजा नाही हे आधी डॉक्टरांनी सांगायला हवं, आणि बाजू कोणती हेही. दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्यावर, त्यांनी दाखवून दिल्यावर, घरी करायला हरकत नाही. दोष उजव्या कानात असेल तर पाय पसरून बसा, मान उजवीकडे अर्धी वळवा, खांद्याखाली उशी येईल अशा बेतानं झटकन उताणे पडा, म्हणजे डोकं थोडं मागं कलतं. चक्कर थांबेपर्यंत, निदान अर्धा मिनिट, तसेच राहा. डोकं न उचलता, उजवीकडे होतं तेवढंच डावीकडे वळलेलं येईल इतकं फिरवा, पुन्हा अर्धा मिनिट. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, अर्धा मिनिट. मग हळूच उठून बसा. डाव्या कानासाठी सगळं उलट. हे बाजेवर करू नका. बाज मध्ये खोल जाते, त्यामुळं खांदे खाली आणि डोकं वर राहतं, आणि सगळी मेहनत फुकट जाते. खाली सतरंजी टाका, नाहीतर दिवाणावर करा. आणि कोणीतरी जवळ असू द्या.

इतर कारणं

मेंदूला हादरा बसलेल्या माणसाला खड्यांशिवायही दिवसभर हलकंहलकं तरंगल्यासारखं वाटतं, उजेड आणि गोंगाट सोसत नाही, वाचताना अक्षरं हलतात. अशा माणसाला पूर्वी अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवत. आता सल्ला बदलला आहे: एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही अगदी कमी, आणि त्यानंतर रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. पण तोवर दुसरा मार बसता कामा नये. गावच्या कबड्डीत डोकं आपटलेलं पोर त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवणं धोक्याचं आहे, सामना कितीही रंगात असो.

मागून धडक बसून मानेला झटका बसला असेल तर मान आखडते आणि चालताना डोकं हेलकावतं. यात मानेचे व्यायाम, शेक आणि चक्करेचे व्यायाम जोडीनं करावे लागतात. इथं एक गोष्ट ठासून सांगतो. कटिंगला बसल्यावर चंपीच्या शेवटी कट्‌कन मान मोडून घ्यायची आपल्याकडे भारी हौस. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या मणक्यांच्या भोकांतूनच वर जातात. मार लागलेल्या मानेला असा झटका दिला तर अशा वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. अपघातानंतर मान मोडून घेणं बंद, आणि बरं वाटल्यावरही ती सवय सोडलेलीच बरी.

कित्येकांची चक्कर कानाचीही नसते, मानेचीही नसते. पाय मोडला, तीन आठवडे पडून राहिले, रक्तही बरंच गेलं होतं, वर रक्तदाबाच्या गोळ्या पूर्वीइतक्याच चालू. असा माणूस उठला की डोळ्यांपुढे अंधारी येणारच. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर कारण हाती लागलं. गोळीचं प्रमाण डॉक्टरांनी बदलायचं, आपण नाही. आपण करायचं ते एवढंच: उठताना आधी कुशीवर, मग कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसणं, पोटऱ्या आवळणं-सोडणं, मग उभं राहणं. परभणीच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तर हीच अंधारी धडधाकट माणसालाही येते. साखरेच्या रुग्णानं अशा वेळी साखर मोजावी. आणि फवारणी करून आल्यावर घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणं यांच्यासोबत चक्कर आली, तर जुन्या माराला दोष देत बसू नका. ती विषबाधा असू शकते. कपडे बदलून, अंग धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालयात पोहोचा.

आणखी एक मार आहे, ज्याबद्दल दवाखान्यात खरं सांगितलं जात नाही. जोरात कानशिलात बसली तर कानाचा पडदा फाटतो, ऐकू कमी येतं, कधी आतल्या कानालाही इजा होऊन चक्कर येते. बाई सांगते, दार लागलं. शाळकरी मूल तेही सांगत नाही. मार कसा बसला हे डॉक्टरांना खरं सांगितलं तर उपचार नेमका होतो, आणि नोंदही राहते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. अशा बाईला घरात ‘नाटक करते’ म्हणून डोक्यावर हंडा देऊन पाठवणं म्हणजे एका इजेवर दुसरीची सोय करणं होय.

गोळीचं काय

प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या गोळ्या गरगर आणि उलट्या दाबतात. पहिल्या दोन-चार दिवसांत त्या कामाच्या आहेत. पण त्या मेंदूची संवेदनाच मंद करतात आणि मेंदूला तर नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला शिकायचं असतं. झोपी गेलेला विद्यार्थी शिकणार कसा? म्हाताऱ्या माणसाला या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या तर हातापायाला कंप, चालीत जडपणा येऊ शकतो. बीटाहिस्टिन आपल्याकडे फार लिहिलं जातं, पण ते सुटलेले खडे जागेवर नेत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारा: ही गोळी किती दिवस? असं विचारण्यात उद्धटपणा काही नाही. फिट्सची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका.

हालचाल हेच औषध

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न हे कानाचे शल्यविशारद आणि कुक्सी हे पुनर्वसनाचे डॉक्टर यांनी, डोक्याला मार बसून चक्कर राहिलेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर हालचाल सुरू करणारे लवकर बरे होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून त्यांनी रुग्णांना गटानं जमवून मान फिरवायला, चेंडू झेलायला, डोळे मिटून चालायला लावलं. आज फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात त्याचं मूळ तिथं आहे. डोळ्यांपुढे ते रुग्ण आणले की आपल्याकडे चक्करवाल्या माणसाला ‘हलू नको, पडून राहा’ म्हणून जे प्रेमानं सांगितलं जातं, ते किती उफराटं आहे हे कळतं.

सुरुवात नजरेपासून करा. भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख निवडा, समोर दोन हातांवर बसा. नजर त्या आकड्यावर रोखून मान डावी-उजवी ‘नाही नाही’ करा, आकडा स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगानं. अर्ध्या मिनिटापासून सुरू करून एक मिनिटापर्यंत न्या. मग ‘हो हो’ करत वर-खाली. दिवसातून तीन-चार वेळा. बसून जमलं की उभ्यानं, उभ्यानं जमलं की चालत.

तोलाच्या व्यायामाला घराचा कोपरा गाठा: पाठीमागं दोन भिंती, पुढं एक खुर्ची. पडायला जागाच नको. पाय जुळवून अर्धा मिनिट उभे राहा. जमलं की एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर, कारण मऊ जागेवर तळपायाची खबर कमी होते आणि कानाला काम करावं लागतं. डोळे मिटून फक्त तेव्हाच, जेव्हा शेजारी कोणी उभं असेल. मग चालणं: अंगणात दहा पावलं जाताना डावीकडे-उजवीकडे बघत. परभणी शहरातल्यांना कृषी विद्यापीठाच्या आवारातले सरळ, सावलीचे रस्ते आहेत. गावात शाळेचं मैदान पुरे.

व्यायाम करताना थोडं गरगरणार. तसं गरगरलं तरच मेंदू शिकतो. हिशेब असा ठेवा: वाढलेली चक्कर पंधरा-वीस मिनिटांत खाली बसली तर मात्रा बरोबर, तासभर राहिली तर उद्या निम्मं करा, अजिबात वाढली नाही तर एक पायरी वर चढा. सहा ते आठ आठवडे धरून चाला. आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडणारेच जास्त. व्यायामानं ऐकू कमी यायला लागलं, कानातून स्राव आला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा मानदुखी भडकली तर थांबा आणि दाखवा. जड उचलताना, शौचाला जोर करताना किंवा शिंकताना चक्कर उसळत असेल तर हे व्यायाम सुरूच करू नका. आतल्या कानातून पाणी झिरपत असण्याची शक्यता असते आणि त्याला कानाच्या तज्ज्ञाचाच हात लागतो.

तीन महिने उलटले, खडे गेले, तपासण्या ठीक, तरी उभं राहिलं की तरंगल्यासारखं वाटतं, आठवडी बाजारातल्या गर्दीत वाढतं, असंही काहींचं होतं. यालाही आता रीतसर निदान आहे, २०१७ पासून त्याच्या ठरलेल्या कसोट्या आहेत. पडण्याच्या धास्तीनं मेंदू सतत सावध राहतो, मूळ दोष गेला तरी. व्यायाम, समुपदेशन आणि मेंदूतल्या रसायनांवर काम करणारी औषधं यांनी यात फरक पडतो. डॉक्टरांनी मानसोपचाराचं नाव काढलं तर ‘म्हणजे मी खोटं बोलतो का’ असं वाटून घेऊ नका. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

तोवर घरात आणि रानात

रात्री न्हाणीपर्यंतच्या वाटेवर उजेड हवा. वीज गेली तर उशाशी बॅटरी. अंधारात डोळ्यांची खबर बंद होते आणि दुखऱ्या कानाच्या भरवशावर माणूस पडतो. शहाबादी फरशी साबणाच्या पाण्यानं काचेसारखी होते, तिथं खरखरीत पायपुसणं आणि भिंतीला एक पक्का धरायला दांडा. उकिडवं बसून उठताना तोच कामी येतो. ढिल्या स्लीपरऐवजी मागून पट्टा असलेली चप्पल.

काळं रान तोलाची परीक्षा दोन्ही हंगामांत घेतं: पावसाळ्यात चिखल पायाला धरतो, उन्हाळ्यात भेगांत पाऊल जातं. काठी घ्या, लाजू नका. बांधावरून एकट्यानं चालणं, विहिरीच्या काठावर मोटार चालू करायला वाकणं, शेततळ्याच्या प्लास्टिकवर उतरणं, मळणी यंत्राशेजारी उभं राहणं ही कामं काही दिवस दुसऱ्याकडे द्या. विहिरीत पोहायला तर उतरूच नका. आतला कान बिघडलेल्या माणसाला गढूळ पाण्यात वर कुठं आणि खाली कुठं हेच कळत नाही, पट्टीचा पोहणाराही त्यात जातो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर केव्हा? चालता चालता झटकन मागं वळून पाहिल्यावर सलग काही आठवडे झोक गेला नाही आणि डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा. आणि हेल्मेटशिवाय नाही.

कुठं जायचं आणि कागद कोणते

आधी तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथून परभणीचं जिल्हा रुग्णालय. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. पहिली गाठ कान-नाक-घसा विभागाची घ्या, मेंदूविकारतज्ज्ञाची गरज आहे का ते तिथून ठरू द्या. त्यापुढे नांदेडचं विष्णुपुरीतलं आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय या नेहमीच्या वाटा आहेतच. फिजिओथेरपिस्टला आधी फोन करून विचारा, चक्करेचे व्यायाम शिकवता का. सगळेच शिकवतात असं नाही.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार जखमीकडून पैसे न घेता करायचा आहे. जखमीला आणून सोडणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती कायद्यानं करता येत नाही, म्हणून आणायला बिचकू नका. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सानुग्रह योजना आहे. ती मृत्यूला आणि डोळा किंवा हातपाय गमावण्याला मदत देते, चक्करेला त्यात जागा नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांतही चक्कर स्वतंत्रपणे नाही. मारामुळं ऐकू कमी येत असेल तर मात्र श्रवणदोष त्यात बसतो, म्हणून कानाची श्रवणचाचणी करून घ्याच. उरतो तो मोटार अपघात न्यायाधिकरणाकडचा दावा. तिथं वकील पहिला प्रश्न विचारतो: चक्कर होती, तर केस पेपरवर का नाही? म्हणून टाके काढायला जाल तेव्हाच डॉक्टरांना ती सांगून, तारखेसह कागदावर लिहून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स घरी वेगळी ठेवा.